मुलांना पर्यावरणाचं वळण लावताना: आधी घर, मग मूल आणि एका वेळी एकच सवय

सोलापुरात बालवाडीत शिकवताना पालकांची एकच तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. "मॅडम, शाळेत तो कचरा बरोबर डब्यात टाकतो, घरी मात्र ऐकत नाही." "सांगून सांगून थकले, पण नळ उघडाच सोडते." अशा वेळी मी एवढंच विचारते, की घरी डबा कुठे ठेवलाय? बहुतेकदा उत्तर येतं, "ओट्याखाली, दाराआड." साडेतीन वर्षांच्या मुलाला ते दार ओढवत नाही आणि आत काय आहे ते दिसत नाही. त्यातून आई स्वतः दूधपिशवीचा कोपरा कापून ओट्यावरच ठेवते, हेही ते रोज बघत असतं.

घरोघरी क्रम असा चालतो: आधी उपदेश, मग रागावणं आणि जमलंच तर शेवटी सोय. हा क्रम उलटा करायला हवा. आधी सोय करा, मग मोठ्यांनी आपली सवय बदला, मग मुलाला काम द्या. समजावून सांगणं सगळ्यात शेवटी. पुढच्या पायऱ्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सगळ्या मिळून पाच-सहा महिने लागतात. घाई केली तर वर्षभरातही काही हाती लागत नाही.

## पूर्वतयारी: मुलाला काहीही न सांगता एक आठवडा

पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसून घरभर फिरा. मोरीतला नळ मुलाच्या हाताला येतो का, तोटी त्याच्या ताकदीने पूर्ण बंद होते का, पेला कुठे आहे, डबा दिसतो का, पिशव्या कुठे टांगल्या आहेत, हे सगळं बघा. आमच्याकडे बोअरच्या जड पाण्याने तोट्या घट्ट होतात. मोठ्यांना ते जाणवत नाही, पण मूल आपल्या परीने नळ बंद करतं आणि तरीही तो ठिबकत राहतो. त्यावरून त्याला बोलणी बसतात. आधी वायसर बदला.

दुसरं काम मोठ्यांशी बोलण्याचं, आणि तेही मूल झोपल्यावर. "पोराला कचऱ्याला कशाला हात लावायला लावता?" हा आजीचा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवून त्यांना सांगितलं, तर विरोध उरत नाही. कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही या बोलण्यात घ्या. मुलाने दिवसभर वेगळा ठेवलेला कचरा संध्याकाळी कोणी एकाच पिशवीत रिचवला, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

तिसरं काम शब्द ठरवण्याचं. सोलापुरात कितीतरी घरांत आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलते, आई मराठीत, आणि शाळेत तिसरेच शब्द कानावर पडतात. डब्याला, पाण्याच्या पेल्याला, पिशवीला घरातल्या सगळ्यांनी एकच नाव वापरायचं. ते कोणत्या भाषेतलं आहे याला महत्त्व नाही.

सामान विकत आणू नका. झाकणाचे दोन जुने डबे, एक पेला, एक छोटा तांब्या, फाटलेली चादर, गळका माठ आणि कागदाची लांब पट्टी एवढं पुरतं. रंगीत डब्यांचा संच आणि 'इको' लिहिलेल्या नव्या बाटल्या आणून सुरुवात केली, तर नवीन वस्तू आणणं म्हणजेच पर्यावरण असं मूल शिकतं.

तपासा: आठवड्याअखेर घरातला प्रत्येक मोठा माणूस पेल्यात पाणी घेऊन दात घासतो का? एकजण जरी नळ सोडून उभा राहत असेल, तर मुलाला आणखी आठ दिवस काही सांगू नका.

## पायरी १: पाणी (पहिले चार आठवडे)

सोलापुरात सुरुवात पाण्यापासूनच करावी, कारण मुलाला ते रोज डोळ्यांसमोर दिसतं. वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा भाग. शहराचं बरंचसं पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून येतं आणि नळाला ते रोज येत नाही. भागाप्रमाणे तीन, चार, पाच दिवसांआड सुटतं, कधी रात्री दोनलाही. घरातली धावपळ, मोटारीचा आवाज, पिंपं भरणं हे सगळं मूल बघत असतं. ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, हे त्याला सांगण्याची गरज नाही.

१.१ पाण्याची पट्टी लावा. पाणी सुटल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर, पुढचं पाणी येईपर्यंत जितके दिवस तितके चौकोन काढा आणि ती मुलाच्या उंचीवर चिकटवा. रोज संध्याकाळी त्याने एक चौकोन रंगवायचा. पाणी एक दिवस उशिरा आलं तर एक चौकोन वाढवायचा. बाकी भाषण नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मूल आपणहून म्हणतं, "अजून दोन घरं राहिलीत." पाणी पुरवून वापरायचं असतं, हे त्याला त्या दोन घरांमधून कळतं.

१.२ पेला हातात द्या. नळाशेजारी, त्याचा हात पोचेल तिथे पेला ठेवा. दात घासायला एक पेला, हात धुवायला छोटा तांब्या. पहिला आठवडा तुम्ही शेजारी उभं राहून तेच करायचं.

१.३ एकदाच मोजून दाखवा. नळाखाली बादली ठेवा आणि नेहमीसारखं नळ सोडून दात घासू द्या. आमच्या घरी दोन मिनिटांत बादली निम्म्याच्या वर गेली होती. माझ्या मुलाने आत हात घातला, पाणी कोपराच्या जवळ आलं, आणि तो बराच वेळ हात तसाच धरून बसला. मग त्याने आपला पेला त्यात बुडवून बाहेर काढला आणि पुन्हा बुडवला. मी काही बोलले नाही. त्या पाण्याने आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली. हा प्रयोग एकदाच करा, रोज केला की त्याचा खेळ होतो.

१.४ उरलेल्या पाण्याला दुसरं काम द्या. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घालायचं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते झाडांना रोज घालू नका. फरशी, संडास, गाडी पुसायला ते चालतं. कुठलं पाणी कुठे जातं हे मुलाला सांगायला लावा, त्याला ते फार आवडतं.

आता सगळ्यात मोठी चूक. पाणी सुटल्याची हाक आली की बऱ्याच घरांत आधीचं साठवलेलं पाणी "शिळं" म्हणून ओतून दिलं जातं. चार दिवस मुलाला "पाणी जपून वापर" म्हणायचं आणि पाचव्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत अर्धं पिंप मोरीत रिकामं करायचं! झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. पिंप धुण्यासाठी रिकामं करणं मात्र गरजेचं आहे. डेंग्यूचे डास साठवलेल्या पाण्यात वाढतात आणि त्यांची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, ती नुसतं पाणी ओतल्याने जात नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आतून घासायचंच. पण त्यासाठी ते आदल्या दिवशी कपडे, फरशी, झाडं यांना वापरून रिकामं करा. तळाशी उरेल तेवढ्यात घासा. घासायचा दिवस पट्टीवरच्या एका चौकोनात खूण करून ठेवला की लक्षातही राहतो.

सावध: लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं. हौद, पिंप, टाकी यांना मुलाला उघडता येणार नाही असं झाकण हवं. साठ्यातून पाणी मोठ्यांनीच काढायचं, मुलाने त्याच्या तांब्यातलं वापरायचं. "पाणी किती उरलंय बघ बरं" म्हणून त्याला एकट्याला कधीही पाठवू नका.

मुलं पाण्यात खेळणारच आणि त्यांनी खेळावंही. खेळ बंद केला तर त्यांच्या मनात पाणी म्हणजे ओरडा एवढंच राहतं. भाजी धुतलेलं पाणी घमेल्यात द्या, कुंड्यांजवळ बसवा आणि सांडू द्या.

तपासा: चौथ्या आठवड्यात तुम्ही मुद्दाम नळ थोडा उघडा ठेवा आणि बाजूला व्हा. मूल बंद करतं का? करत असेल तर पुढे चला. नसेल तर रागावू नका, आणखी दोन आठवडे इथेच थांबा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास म्हटलं जातं, त्यावर विसंबू नका. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो.

## पायरी २: कचरा (पुढचे चार ते सहा आठवडे)

इथे माझीच पहिली खेप पूर्ण फसली होती. मुलगा साडेचार वर्षांचा होता. मी दोन डबे ठेवले, "हा ओला, हा सुका" असं सांगितलं आणि समाधानाने कामाला लागले. संध्याकाळी बघते तर दुधाची रिकामी पिशवी ओल्यात आणि कांद्याची सालं सुक्यात. मी त्याला चुकलास म्हटलं. त्याने पिशवी उचलून माझ्या हातावर उपडी धरली. दुधाचे दोन थेंब पडले. "ओली आहे ना?" तो म्हणाला. कांद्याचं साल त्याने बोटांत चुरून दाखवलं, ते कोरडं ठणठणीत होतं.

बरोबर तोच होता. 'ओला' आणि 'सुका' हे शब्द मोठ्यांच्या सोयीचे आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग घरातच वेगळे करायला सांगितलं होतं, ते योग्यच आहे. पण लहान मूल शब्दाचा अर्थ शब्दश: घेतं. म्हणून नावं बदला. आमच्याकडे तेव्हापासून एक डबा 'मातीचा' आणि दुसरा 'भंगारवाल्याचा' झाला. जे माती खाते ते मातीच्या डब्यात आणि जे भंगारवाले काका नेतात ते दुसऱ्यात. चूक एका दिवसात निम्म्यावर आली.

२.१ आधी पुरून दाखवा. डबे ठेवायच्या आधी एका कुंडीत चार गोष्टी पुरायच्या: भेंडीचं देठ, केळ्याच्या सालीचा तुकडा, वर्तमानपत्राचा कपटा आणि चॉकलेटचा कागद. प्रत्येकाच्या जागी काडी खोचा. माती ओलसर ठेवा, नाहीतर आपल्या उन्हात सगळं वाळून जसंच्या तसं राहतं आणि प्रयोग फसतो. तीन-चार आठवड्यांनी मुलाच्या हाताने उकरा. देठ सापडत नाही, कागद बोटात तुटतो, आणि चॉकलेटचा कागद झटकला की पुन्हा चमकतो. माती काय खाते आणि काय खात नाही, हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही. पाण्याची पायरी चालू असतानाच हे पुरून ठेवलंत, तर वेळ बरोबर जुळते.

२.२ एकच डबा द्या. पहिले दोन आठवडे फक्त 'मातीचा' डबा मुलाच्या ताब्यात द्या. मटारची टरफलं, शेंगांची फोलपटं, फळांची सालं त्यात टाकायची. दोन्ही डबे एकदम दिले की गोंधळ होतो.

२.३ मग दुसरा डबा. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा होऊ देऊ नका, तो चिटकूनच राहू द्या. तो इवलासा तुकडा कोणी उचलत नाही, तो थेट गटारात जातो. कापायचं काम तुमचं. पिशवी उलटी करून अर्ध्या तांब्या पाण्यात विसळणं आणि दोरीवर चिमट्याने अडकवणं मुलाचं. विसळलेलं पाणी कुंडीत. महिन्याची रद्दी, पुठ्ठे आणि वाळलेल्या पिशव्या भंगारवाल्याला देताना मुलाला सोबत उभं करा. तराजूचा काटा हलताना बघणं हे त्याचं बक्षीस. मिळालेल्या पैशांतून त्याला खाऊ देण्याची घाई करू नका. तसं केलं तर जास्त कचरा म्हणजे जास्त खाऊ असं गणित तयार होतं.

२.४ 'हात नाही' डबा. डायपर, सॅनिटरी पॅड, फुटलेली काच, ब्लेड, सेल, उरलेली औषधं, डासांच्या फवाऱ्याचे डबे हे सगळं उंचावर, मोठ्यांच्या हातात. पॅड-डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. कचरा उचलणाऱ्या माणसाला ते उघडून बघावं लागू नये, हे मुलाला आवर्जून सांगा. कारण दिसलं तर चार वर्षांच्या मुलालाही माणुसकी कळते.

सावध: 'मातीच्या' डब्यानंतर साबणाने हात धुणं ही पायरी सोडू नका. आजीची धास्ती इथेच मिटते.

सकाळी घंटागाडी आली की मुलाला दारापर्यंत न्या आणि दोन्ही डबे वेगवेगळे दाखवत द्यायला लावा. कधीतरी तिथे सगळं एकत्र पडताना ते बघेल आणि विचारेल, "मग आपण वेगळं कशाला केलं?" प्रश्न उडवून लावू नका. "त्यांनी आज एकत्र केलं, ते बरोबर झालं नाही. आपण आपलं वेगळंच देऊ," एवढं खरं उत्तर पुरतं. ज्यांच्या घरी सालं कुंडीत आणि सुकं भंगारात जातं, त्यांच्याकडे घंटागाडीत द्यायला फारसं उरतही नाही.

तपासा: मुलाला नवीन वस्तू दाखवा: टूथब्रश, नारळाची शेंडी, चहाचा चोथा, बिस्किटाचा पुडा. त्याने क्षणभर थांबून विचार केला तर पायरी पक्की झाली, मग उत्तर चुकलं तरी चालेल.

## पायरी ३: ताट

ही पायरी छोटी आहे, पण चुकते सगळ्यात जास्त. पानात टाकू नये म्हणून मुलाला बळजबरीने सगळं संपवायला लावणं हा उपाय नाही. त्याने जेवणाचा तिटकारा बसतो. वाढण्याचा क्रम बदला. भाकरी चतकोरच वाढा, भाजी एक चमचा. संपलं की त्याने स्वतः मागायचं. चार वर्षांपुढच्या मुलाला छोट्या पळीने स्वतः वाढून घेऊ द्या. पहिले काही दिवस सांडेल, ते पुसायला त्यालाच फडकं द्या.

उरलेल्या भाकरीचं काय होतं, हेही त्याला दिसू द्या. सकाळी फोडणीची भाकरी होते किंवा ताकात कुस्करून काला होतो. ज्वारीचं कणीस एकदा हातात देऊन दाणे काढायला लावा. सोलापूर-मंगळवेढ्याच्या मुलाला ते हिवाळ्यात सहज मिळतं. चतकोर भाकरीमागे किती दाणे लागतात हे त्याच्या बोटांना समजतं.

## पायरी ४: पिशवी आणि "नको" म्हणायला शिकणं

जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी वर्षानुवर्षं टिकते. मुलाच्या मापाची एक छोटी पिशवी शिवा आणि चपलांच्या जागेजवळ, त्याच्या उंचीवर खिळ्याला टांगा. कपाटात ठेवलेली पिशवी बाजारात गेल्यावरच आठवते. बाहेर पडताना त्याचं काम एकच: खिळ्यावरची पिशवी घेणं.

लक्ष्मी मंडईत किंवा गल्लीतल्या गाड्यावर त्याच्या पिशवीत त्याला पेलेल एवढंच द्या, चार लिंबं नाहीतर कोथिंबिरीची जुडी. "मावशी, पिशवी नको, ही आहे," हे वाक्य घरी बोलून घ्या. लाजणाऱ्या मुलाच्या वतीने पहिले चार वेळा तुम्ही बोला, पाचव्यांदा ते पुढे येतं. भाजीवालीने एकदा "शहाणा गं बाई" म्हटलं की महिनाभर आठवण करावी लागत नाही.

पिशवी विसरली तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा. थोडी भाजी असेल तर हातात, ओढणीत, दप्तरात. नाहीतर परत यायचं. तुम्ही "आजच्या दिवस घे" म्हणून प्लास्टिकची घेतली, तर मुलाच्या लेखी नियम तिथेच संपतो.

खरी कसोटी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत. दिवे, पाळणे, खेळण्यांची रांग बघून मोठ्यांचाही निश्चय डळमळतो. घरून निघण्याआधी ठरवा: एक खेळणं, ते तो निवडेल, आणि निवडण्याआधी सगळी रांग एकदा फिरून बघायची. दुसऱ्या दिवशी तुटेल असं वाटलं तर हातात घेऊन दाखवा, पण निर्णय त्याचा. पाण्याची बाटली घरची. फुग्याला प्लास्टिकची काडी लावलेली दिसली तर ती १ जुलै २०२२ पासून देशभर बंद असल्याचं सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगता येईल. लहानग्याला "दोऱ्याचा फुगा घेऊ" एवढं पुरे.

सावध: मुलाला दुसऱ्यांवर पहारेकरी नेमू नका. शेजारच्या काकूंच्या हातातली प्लास्टिकची पिशवी बघून "तुम्ही वाईट आहात" म्हणणारं मूल चुकीचं काहीतरी शिकलं आहे. आपल्या घराचा नियम आपल्या घरापुरता, हे पहिल्याच दिवशी सांगा.

## पायरी ५: माती, रोप आणि पक्ष्याचं पाणी

पर्यावरण दिनाला, ५ जूनला, रोप लावून फोटो काढायची पद्धत आहे. आपल्याकडे त्या आठवड्यात जमीन अजून तापलेली असते आणि पावसाचा भरवसा नसतो. पंधरा दिवसांत रोप वाळतं. आपण लावलेलं झाड मेलं, हीच त्या मुलाची पहिली आठवण होते. रोप आणलंच तर कुंडीतच सावलीत ठेवा. दोन चांगले पाऊस पडून जमीन वीतभर खोल ओली झाली की मगच लावा.

त्याहून सोपं म्हणजे मोठ्या झाडाऐवजी मेथीने सुरुवात. पसरट भांड्याला तळाशी भोकं पाडा, चार बोटं माती भरा, रात्री भिजवलेली मेथी पसरा आणि वर पातळ माती द्या. तीन-चार दिवसांत कोंब येतात, तीन आठवड्यांत खुडण्याजोगी होते. तीन वर्षांच्या मुलाचा धीर एवढाच असतो. शेंगदाणा आणि मूगही असेच. तुळस किंवा गवती चहा नंतर.

रोप मरण्याचं नेहमीचं कारण अति पाणी हे आहे. मूल प्रेमाने दिवसातून पाच वेळा ओततं. त्याला बोट मातीत खुपसून बघायला शिकवा: बोटाला माती चिकटली तर पाणी नको, कोरडं निघालं तर अर्धा तांब्या.

सालांचं खत: गळका माठ किंवा भोकं पाडलेली बादली सावलीत ठेवा. तळाला वाळका पाला, वर चिरलेली सालं, पुन्हा पाला. सालांच्या साधारण दुप्पट पाला हवा. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा जुनं खत घाला. शिजवलेलं, तेलकट, दुधाचं काही टाकू नका. आठवड्यातून दोनदा काठीने हलवा. वास आला तर पाला कमी पडला, सगळं जसंच्या तसं राहिलं तर पाणी कमी पडलं. सोलापुरी उन्हाळ्यात दुसरंच जास्त होतं, म्हणून वरून ओलं पोतं झाका. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. पाला गोळा करायचं काम मुलाला द्या. जो पाला गल्लीत पेटवला गेला असता, तो इथे कामाला येतो.

मार्चपासून पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, मांजराला पोचता येणार नाही अशी सावलीची जागा, मध्ये बसायला एक दगड. पाणी रोज सकाळी बदलायचं आणि भांडं घासायचं, नाहीतर तेच डासांचं घर होतं. बदललेलं पाणी अर्थातच मेथीला.

मोठ्या मुलांसाठी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'पर्यावरण म्हणजे जिकडे तिकडे झाडं' असं शिकवू नका. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग माळरानाचा आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते गवताळ माळासाठी. तिथे काळवीट, लांडगे त्या गवताळ माळावरच राहतात आणि माळढोक पक्ष्याला मोकळा माळच लागतो. सुट्टीत एकदा पहाटे मुलाला घेऊन जा, बाहेरून गवत बघा, गप्प उभे राहा. माळ ओसाड नसतो, हे त्याला तिथे कळेल.

## पायरी ६: दिवे-पंखे

याला फार वेळ देऊ नका. घराबाहेर पडताना मुलाने खोल्यांमधून फेरी मारायची आणि काय चालू आहे ते ओरडून सांगायचं. बटण मोठ्यांनी बंद करायचं. सहा वर्षांनंतर, कोरड्या हाताने, दिवा-पंख्याचं बटण त्याला देता येतं.

सावध: कूलरला कुठल्याही वयाच्या लहान मुलाने हात लावायचा नाही. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी असतात आणि शॉकने जीव जातो. पाणी भरताना वायर भिंतीतून काढा. तळातलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून घासा, ते झाडांना घालता येतं.

## गाडी अडली की

मूल अचानक सगळं सोडून देतं, तेव्हा आधी स्वतःकडे बघा. पाहुणे आले म्हणून डबे हलवलेत का? पेला स्वयंपाकघरात गेला का? दहापैकी आठ वेळा कारण तिथेच सापडतं.

तक्त्यावर चांदण्या चिकटवून बक्षिसं देण्याची पद्धत मी दोन वर्षं वापरली आणि सोडून दिली. चांदण्या थांबल्या की काम थांबतं. त्याऐवजी काय झालं ते नुसतं सांगा: "तू पाणी ठेवलंस, आज तीन चिमण्या आल्या."

भीतीही घालू नका. "पाणी संपलं तर आपण सगळे मरू" असं ऐकलेली पाच वर्षांची एक मुलगी आमच्या वर्गात तहान लागली तरी पाणी प्यायची नाही. तिला पुन्हा मनसोक्त पाणी प्यायला लावायला आम्हाला महिना लागला. प्यायच्या पाण्यावर बचतीचा नियम कधीच लावायचा नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

मे महिन्यात मूल मामाच्या गावाला जातं. तिथे विहिरीला मोटार असते, पाणी पाटाने वाहत असतं आणि कोणी पेला हातात देत नाही. परत आल्यावर सवय मोडलेली असणारच. तेव्हा "विसरलास ना सगळं" म्हणू नका. पेला जागेवर ठेवा, पाण्याची नवी पट्टी लावा आणि पहिले तीन दिवस त्याच्या आधी तुम्ही स्वतः दात घासायला उभे राहा.